तीस मेचा घोट

धारगळच्या हायवेवर गोकुळदासची खानावळ होती. सहा बाकडी, एक चूल, एक गॅसची शेगडी आणि दुपारी बारापासून तीनपर्यंत हुमण-भात, म्हणजे माशांची आमटी आणि भात. म्हापशाहून सावंतवाडीकडे निघालेले ट्रकवाले तिथे हटकून थांबायचे. हुमण चांगलं होतं हे तर झालंच, पण खरी गंमत होती ती मालकाच्या जिभेची. कुणी कुठल्याशा विहिरीचं तांब्याभर पाणी पुढे करावं, गोकुळदासने एक घोट घ्यावा आणि सांगावं, हे कासारवर्ण्याच्या देवळाजवळच्या बावीचं, आणि काढून दोन दिवस झालेत. आमटीचा एक थेंब तळहातावर घेऊन तो नारळ आज फोडला की काल, ते सांगायचा. पैजा लागायच्या. गोकुळदास कधी हरला, असं कुणाच्या ऐकिवात नाही.

लोकांना मजा वाटायची. गोकुळदासला मात्र वाटायची भीती. आणि ती काही उगाच नव्हती, तिला नाव होतं. बाबुराव. त्याचा बाप.

ही जीभ बापाकडूनच आली होती. काजूचा हंगाम सुरू झाला की पेडण्यापासून डिचोलीपर्यंतचे फेणी गाळणारे भट्टीवाले बाबुरावला बोलावणी धाडायचे. बाबुराव भट्टीवर जायचा, काचेचा ग्लास करंगळी बुडाला लावून उचलायचा, जिभेवर थेंबभर फेणी घोळवायचा आणि सांगायचा, यात पाणी घातलंय, याचा रस शिळा होता, हे भांडं नीट धुतलेलं नाही. सगळे माना डोलवायचे. मग चाखणाऱ्याचा मान म्हणून एक पेला भरून पुढे यायचा. घरातून निघताना बायकोने टोकलं की बाबुरावचं उत्तर ठरलेलं असायचं, "मी खय पितंय? फक्त चाखतंय."

फक्त चाखता चाखता बाबुराव चाळिशीत आटोपला. शेवटच्या दिवशी तोंडातून रक्त आलं, ते पंधरा वर्षांच्या गोकुळदासनेच तांब्यात धरलं होतं. बाराव्याचं जेवण उरकल्यावर आई, गंगा तिचं नाव, त्याला हाताला धरून गावदेवी सातेरीच्या देवळात घेऊन गेली. पुढ्यात नारळ ठेवला.

"हात ठेव," ती म्हणाली. "म्हण, सोरो तोंडाक लावचंय नाय."

गोकुळदासने नारळावर हात ठेवून म्हटलं, दारू तोंडाला लावणार नाही. बावीस वर्षं त्याने ती शपथ पाळली. लग्नात, शिगम्यात, कुणाच्या गोड बोलण्याला भुलून, कधी म्हणून कधी थेंब तोंडाला लावला नाही. गंगा गेली तेव्हा निर्धास्त गेली. त्याची बायको सुमंगला चारचौघांत ताठ मानेने सांगायची की आमच्या घरात सोरो वासालासुद्धा मिळणार नाही.

आणि मग कुठून कोण जाणे, तो जेरार आला.

जेरार हा फ्रान्समधला एक म्हातारा शाळामास्तर. दोन हिवाळे हरमलला भाड्याने घर घेऊन राहिला होता. किनाऱ्यावर उघडेबागडे पडून राहणाऱ्यांतला नव्हे. पायात मोजे, खिशात रुमाल, आणि बोलणं मोडक्या कोकणीत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून परतताना तो गोकुळदासकडे जेवायचा. ट्रकवाल्यांची पाण्याची पैज त्याने एकदा पाहिली आणि जेवणच विसरला. दुसऱ्या शुक्रवारी आपल्याच बाटलीतलं पाणी घेऊन आला. गोकुळदासने चाखून सांगितलं, ह्यात दोन बावींचं पाणी मिसळलंय. जेरारने कपाळावर हात मारून घेतला. त्यानेच मिसळलं होतं.

त्या दिवशी जेरारने त्याला एक गोष्ट सांगितली, आणि खरं सांगायचं तर सगळा घोळ तिथेच झाला. तो म्हणाला की ही जीभ म्हणजे देवाची देणगी आहे, माझ्या गावात तुझी पूजा केली असती. गोकुळदासच्या जिभेला देणगी म्हणणारा उभ्या जन्मात तो पहिलाच माणूस. बाकी सगळे म्हणायचे, बापाची जीभ. आई तर तो कशाचीही चव सांगायला लागला की तोंड फिरवायची.

एकोणीसशे शहाऐंशीच्या मे महिन्यात जेरारची प्रकृती बिघडली आणि त्याने परत जायचं ठरवलं. जाण्याआधी तो जीपमधून एक लाकडी पेटी घेऊन आला. आत बारा बाटल्या होत्या. लाल वाईन, त्याच्याच गावची. मुरगावला खनिज भरायला आलेल्या बोटीवर त्याचा एक ओळखीचा खलाशी होता, त्याने आणून दिलेली. काही भारी माल नव्हे, जेरारने आधीच सांगून टाकलं. आमच्याकडे गवंडीसुद्धा दुपारच्या जेवणाबरोबर घेतो ती ही. पण त्याचा भाऊ म्हणायचा, ही स्वस्तातली दारू तीन वर्षांत मरते, आणि गोव्याच्या उकाड्यात तर वर्षसुद्धा काढणार नाही. जेरार म्हणायचा, नीट ठेवली तर हीसुद्धा म्हातारी होते, शहाणी होते. भावाभावांचा तो जुना वाद, आणि त्याचा निकाल लावायचा होता गोकुळदासच्या जिभेने.

काम असं होतं. बाटल्या गारव्याला, आडव्या ठेवायच्या. दर वर्षी तीस मेला, म्हणजे जेरार निघाला त्या तारखेला, एक उघडायची. एक घोट तोंडात घ्यायचा, घोळवायचा, थुंकायचा आणि कशी लागली ते वहीत लिहायचं. उरलेली ओतून टाकायची. बस्स.

"मी पिणा नाय," गोकुळदास म्हणाला.

जेरार म्हणाला, म्हणूनच तर. पिणाऱ्याची जीभ बधिर होते, तुझी कोरी आहे.

गोकुळदासने नाही म्हणायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण आत कुठेतरी बावीस वर्षं तोंड दाबून बसवलेलं पोर उठून उभं राहिलं होतं, आणि ते हट्टाने म्हणत होतं, बघू तरी. गोकुळदासने त्या पोराचा आवाज ओळखला.

तेव्हा त्याने केलं ते असं. आपल्याकडे माणसाला काही ठरवता आलं नाही की तो देवीला कौल लावतो. गुरव फुलाच्या ओल्या पाकळ्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, प्रश्न विचारतो. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गोकुळदास सगुण गुरवाकडे गेला. सगुणने विचारलं, काय मागू? आणि गोकुळदासने देवीसमोर उभं राहून सांगितलं, "एका परदेशी पावण्यान एक जिन्नस राखूक दिलो हा. त्येचा काम करू काय, इतक्याच विचार."

दारूचं नाव काढलं नाही. चाखण्याचं नाव काढलं नाही. ज्या जागी नारळावर हात ठेवून शपथ घेतली होती, त्याच जागी त्याने देवीला अर्धंच सांगितलं. उजवी पाकळी टपकन पडली. सगुण हसला. गोकुळदासला मात्र हसू येईना, कारण इतक्या चटकन होय मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं. देवीला फसवणारा माणूस आपण, की आपल्यालाच खड्ड्याकडे चालवत नेणारी देवी, हे त्याला कळेना.

खानावळीला लागूनच घर, आणि घरामागे चिरे काढलेली जुनी खण होती. तिच्या भिंतीत एक कपार होती, उन्हाळ्यातही गार. गंगा पावसाळ्यासाठी फणसाच्या बिया तिथे वाळूत पुरून ठेवायची. गोकुळदासने त्याच वाळूत बारा बाटल्या आडव्या निजवल्या. सुमंगलाला म्हणाला, साहेबाची ठेव आहे, हात लावू नकोस. तिने एकदा कपारीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि चुलीकडे गेली.

मग आली सत्त्याऐंशीची तीस मे. बरोबर त्याच दिवशी गोवा घटकराज्य झालं. खानावळीत सकाळपासून रेडिओ चालू, आणि चहाच्या बाकड्यावर तोच वाद, राज्य कोकणीचं की मराठीचं. दोघे तर कप आपटून उठून गेले. सुमंगला चुलीपाशी आमटीसाठी नारळाचं वाटप वाटत होती. दहाच्या सुमारास गोकुळदास चहाचा एक ग्लास शर्टाच्या आत लपवून घरामागे गेला. बूच काढताना जेरारने दिलेला स्क्रू दोनदा घसरला. घोट घेतला, डोळे मिटले. आईचा चेहरा समोर आला. घाईघाईने थुंकला.

आणि त्याला हसू आलं. इतकी वाईट चव! काजूचं कच्चं बोंड चावल्यासारखी, जीभ ओढून धरणारी. ह्याच्यासाठी माणसं घरं बुडवतात? उरलेली बाटली त्याने आंब्याच्या मुळात ओतली आणि वहीत लिहिलं. बोलणं त्याचं घरचं, पण लिहिणं शाळेत शिकला तसं मराठीतच. ‘३० मे १९८७. तुरट. आंबट. जीभ ओढली.’ त्या वर्षी तो सुखाने झोपला.

अठ्ठ्याऐंशीतही तसंच. ‘तुरट. कोकमाच्या सालीसारखी आंबट. घशात रखरख.’ गोकुळदासला वाटलं, सुटलो. ही अशीच कडू राहणार आणि माझी शपथ जिथल्या तिथे राहणार. देवीला सगळं ठाऊक होतं म्हणून तिने उजवी दिली.

एकोणनव्वदला घोट तोंडात घेतला आणि त्याचा हात थबकला. तुरटपणा मागे सरला होता. अगदी थोडा, दार किलकिलं व्हावं तेवढाच. फटीतून काहीतरी आत डोकावत होतं. ‘तुरट कमी. पिकायला लागलेलं जांभूळ. थुंकल्यावर वास राहतो,’ असं त्याने लिहिलं, आणि लिहिता लिहिता त्याला जाणवलं की आपल्याला भीती वाटते आहे. बाटलीची नव्हे. ती सुधारते आहे, याची.

आता बघा, जगात कुणाला अशी भीती वाटली असेल? माल बिघडेल म्हणून माणसं भितात. गोकुळदास रोज देवाला म्हणायचा, बिघडू दे. उकाड्याने नासू दे. त्या भावाचं खरं होऊ दे. एकदा तर भर वैशाखात तो बाटल्या वाळूतून काढून उन्हात ठेवायला निघाला होता. पण जेरारने विश्वासाने दिलेली ठेव अशी मारायची, तेही त्याच्याने झालं नाही. बाटली हातात धरून घामाघूम होऊन तो तसाच कपारीपाशी उभा राहिला आणि मग पुन्हा वाळूत निजवून आला.

नव्वदला त्याने लिहिलं, ‘पिकलेली जांभळं झाडाखाली पडतात, ऊन लागतं, तेव्हा जो वास येतो तो. आंबटपणा आहे पण बोचत नाही. थुंकली तरी दुपारपर्यंत तोंडात होती.’ त्या दुपारी त्याने चाळीस ताटं वाढली आणि एकाही ताटाची आमटी त्याला कळली नाही. सुमंगला म्हणाली, आज मीठ जास्त पडलंय. तो दचकलाच.

एक्क्याण्णवच्या तीस मेला तो थुंकायला वाकला आणि तोंडात काही नव्हतं. कधी गिळली ते कळलंही नाही. आंब्याच्या बुंध्याला धरून तो मटकन खाली बसला. आधी वाटलं, आता तहान लागेल, आता अंगात काहीतरी पेटेल, बापाच्या अंगात पेटायचं तसं. ताप आलाय का ते पाहणाऱ्या माणसासारखा तो दिवसभर स्वतःला चाचपत राहिला. पुढचे दोन महिने सोमवार धरले. म्हापशाला बाजारात गेला की मुद्दाम दारूच्या दुकानासमोरून चालायचा. फेणीचा वास आला की मळमळायचं, आणि त्या मळमळीने त्याचा जीव भांड्यात पडायचा. पण तो खोटा दिलासा आहे हे त्यालाही कळत होतं. फेणीचं त्याला काय करायचं होतं? त्याला हवी होती ती एकच, त्या कपारीतली.

वहीत मात्र त्याने ते लपवलं नाही. ‘गिळली गेली,’ असं लिहिलं. पुढे पाच-सहा ओळी चवीबद्दल. करवंदं, ओली माती, तंबाखूची रिकामी पेटी.

ब्याण्णवला अर्धं पान भरलं. त्या वर्षी त्याने घोट घेतला, गिळला, आणि बाटली ओतलीच नाही. बूच लावून ठेवली. हवा लागल्यावर चव बदलते का ते पाहू, असं स्वतःला सांगितलं. दुपारी तीन वाजता गिऱ्हाईक सरल्यावर पुन्हा कपारीपाशी गेला, अजून एक घोट घेतला आणि मगच ओतली. आणि ओतताना त्याच्या ध्यानात आलं की सकाळपासून आपण स्वतःला जे काही सांगतोय, ते सगळं बाबुरावच्या आवाजात सांगतोय. फक्त चाखतंय. पाचावर धारण बसली त्याची. त्यानंतरचं वर्षभर तो महिने मोजत होता, आणि आपण महिने मोजतोय याचीच त्याला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. नवव्या महिन्यात बाळंतपणाची वाट पाहावी तशी त्याला मे महिन्याची वाट पाहावी लागे, आणि हे तो कुणाला सांगणार?

त्र्याण्णवच्या अठ्ठावीस मेला, शुक्रवारी, पोस्टमन सखाराम फ्रान्सचं पत्र घेऊन आला. इंग्रजीत होतं, म्हणून त्यानेच वाचून दाखवलं. जेरार मार्चमध्ये वारला होता. भावाने कळवलं होतं की वाद आता संपला, वाद घालणाराच राहिला नाही. तुम्ही इतकी वर्षं केलंत त्याबद्दल उपकार. आता चाखायची काही गरज नाही. उरलेल्या बाटल्या तुमच्याच.

सखाराम पत्राची घडी घालत हसला. "बाटल्यो तुज्यो झाल्यो मरे, गोकुळदास. माका बोलय एक दीस."

गोकुळदास हसला नाही. जेरारसाठी डोळे भरून आले, ते खरंच. पण त्याच्या पाठोपाठ, डोळे पुसायच्या आतच, भीती आली. इतके दिवस जे होतं ते काम होतं. दुसऱ्याचं होतं, सांगितलेलं होतं, तारखेने बांधलेलं होतं. आता ते काम उरलं नाही. सहा बाटल्या उरल्या. त्याच्या घरात, त्याच्या मालकीच्या, सहा दारूच्या बाटल्या. हीच तर वस्तू घरात येऊ नये म्हणून आईने त्याचा हात नारळावर ठेवला होता.

त्याने ठरवलं, यंदा उघडायची नाही. शुक्रवारी ठरवलं, शनिवारी ठरवलं. रविवारी तीस मे उजाडली तेव्हाही ठरवलेलंच होतं. आणि दहा वाजता त्याचे पाय घरामागे गेले.

एकदाच, तो म्हणाला. जेरारसाठी. वही गुडघ्यावर ठेवली, पेन्सिल कानाला लावली, बूच काढलं. पहिला घोट घेतला.

कुठलीच धार उरली नव्हती. तुरट नाही, आंबट नाही. सगळं एकमेकांत विरघळून शांत झालं होतं. जांभूळ होतं, माती होती, आईच्या जुन्या लाकडी पेटीतल्या लुगड्यांचा वास होता. गोकुळदासला वाटलं, इतकं चांगलं आपल्या वाट्याला कधी काही आलं नव्हतं. आणि ह्या वाटण्याबरोबर त्याने पेन्सिलीकडे हात न्यायला हवा होता. हात बाटलीकडे गेला. ग्लास पुन्हा भरला. त्याने तो प्यायला. चाखला नाही, प्यायला, घोटामागून घोट. रिकामा ग्लास खाली ठेवताना त्याची नजर आपल्या हातावर गेली.

करंगळी बुडाला होती.

बाटली, ग्लास, वही, पेन्सिल, सगळं तिथेच टाकून तो धावत सुटला. चप्पलसुद्धा घातली नाही. देवळात सगुण गुरव समई पुसत होता. गोकुळदासने त्याचा हात धरला आणि म्हणाला, कौल लाव. सगुणला त्याच्या तोंडाचा वास आला. तो दोन पावलं मागे सरला.

"व्हय, घेतलंय," गोकुळदास म्हणाला. "सात वर्सां घेतंय. पयलो कौल मी खोटो मागललंय. आता खरो माग."

आणि त्याने देवीसमोर सगळं सांगितलं. मोठ्याने, कारण गाऱ्हाणं मोठ्यानेच घालावं लागतं. जिन्नस म्हणजे दारू होती. राखायची नव्हती, चाखायची होती. शपथ मोडली, आणि देवीला फसवून मोडली. सांगताना त्याला हुंदके येत होते. सगुणने ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं, माऊली, ह्या लेकराला तू शिक्षा म्हणून बापाच्या वाटेला लावलंस काय? लावलंस तर उजवी दे, नाही तर डावी दे.

दोघे वाट पाहत बसले. अर्धा तास गेला. एक तास गेला. पाकळ्या हलल्या नाहीत. गोकुळदासची नजर त्यांच्यावर खिळली होती. जराशी थरथरली असं वाटलं की जीव तोंडात यायचा. हळूहळू पाकळ्यांवरचं पाणी सुकलं आणि त्या तशाच मूर्तीला चिकटून राहिल्या. शेवटी सगुण उठला. म्हणाला, आज ती बोलायची नाही. घरी जा.

हे मात्र गोकुळदासला अपेक्षित नव्हतं. शिक्षा चालली असती. माफी तर काय, चाललीच असती. पण देवीने आपलं ऐकून घेऊन गप्प बसावं, म्हणजे मग जायचं कुणाकडे? तो देवळाच्या पायरीवर येऊन बसला. घरामागे अर्धी भरलेली बाटली उघडी पडली आहे हे क्षणभरही डोक्यातून जात नव्हतं.

समोरून सुमंगला येत होती. धावत आली होती, धापा टाकत होती, हाताला वाटप तसंच लागलेलं. काखेत वही.

ती त्याच्या शेजारी बसली. गोकुळदासने तोंड फिरवलं, वास जाऊ नये म्हणून.

"देवी बोलूक नाय," तो कसाबसा म्हणाला.

"मग मी बोलतंय," सुमंगला म्हणाली. "ही वही मी वाचतंय. पयल्या वर्सापासून."

गोकुळदासला वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं.

"त्या ग्लासाक वास येता, तो कोण धुता?" ती म्हणाली. "मीच मां? मग वही सोदलंय. पयल्या वर्साक तीन शब्द होते. मागच्या वर्साक अर्धा पान. दर तीस मेक माझा कामात लक्ष नसता. मी वाटप वाटतंय आणि कान घरामागे. तुमी भियत होतात, मी पण भियत होतंय."

"मग बोललंस कित्याक नाय?"

"तुमी लिवत होतात म्हणान." तिने वही मांडीवर ठेवली. "तुमचो बापूस खय जाय, काय पियी, कोणाक कळा नाय. तुमची आई मरेसर ता सांगत होती. तुमी सगळा लिवत होतात. गिळली गेली, ता पण लिवल्यात. मी म्हटलंय, लिवता तोपर्यंत ह्यो माणूस चाखता. आज दहा वाजल्यार गेल्यात ते अकरा झाले तरी येऊक नाय. मी बघूक गेलंय. बाटली अर्धी, आणि वहीत आजचा पान कोरा."

मग हळू म्हणाली, "म्हणान आज धावलंय."

तिने पदराच्या टोकातून पेन्सिल काढली आणि त्याच्या हातात दिली. "लिवा."

गोकुळदासने वही घेतली. तारीख घातली. अक्षरं वाकडीतिकडी पडत होती. लुगड्यांचा वास, माती, जांभूळ, सगळं त्याच्या जिभेवर अजून तसंच होतं. पानभर लिहिता आलं असतं. त्याने एवढंच लिहिलं.

‘३० मे १९९३. दुसरा ग्लास घेतला. चवीसाठी नाही.’

सुमंगलाने वाचलं. दोनदा वाचलं. मग वही मिटली आणि उठली.

घरी येऊन त्यांनी आधी ती अर्धी बाटली ओतली आणि मग वाळूतून उरलेल्या पाच काढल्या. बूच गोकुळदासने काढायचं, ओतायचं तिने. पाचही बाटल्यांचा वास एकदम वर आला तेव्हा तो श्वास रोखून उभा राहिला आणि जेरारला आठवून रडला. तुझं बरोबर होतं बाबा, तो मनात म्हणाला, स्वस्तातली असली तरी ती म्हातारी झाली, शहाणी झाली. माझंच काही खरं नव्हतं. आंब्याच्या मुळाशी माती काळी-लाल झाली. दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला आणि तो डाग धुऊन गेला.

भीती मात्र गेली नाही. ती जाते असं कुणी त्याला सांगितलंही नव्हतं. मे महिना लागला की जीभ कोरडी पडायची, कपारीकडे पाय वळायचे, आणि रिकामी वाळू पाहून तो परत यायचा. खानावळ चालू राहिली, पैजा त्याने बंद केल्या. जेरारच्या भावाला एक कार्ड धाडलं, सखारामकडून लिहून घेऊन, की सात वर्षं टिकली आणि दर वर्षी चांगली झाली. भावाचं उत्तर आलं नाही.

वही मसाल्याच्या डब्याशेजारी असते. त्र्याण्णवनंतर पुन्हा सगळ्या नोंदी एकेका ओळीच्या. ‘३० मे १९९४. घेतली नाही.’ ‘३० मे १९९५. घेतली नाही.’ सत्त्याण्णवला, ‘घेतली नाही. वास आठवला.’ नव्व्याण्णवला, ‘घेतली नाही. भीती आहे.’

तीस मेला दुपारी गोकुळदास ताटावर बसतो. सुमंगला आधी वही उघडते, त्या दिवसाची ओळ वाचते, आणि मगच त्याला जेवायला वाढते.